फाईलची वेळ वेगळी, संसाराची वेळ वेगळी

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

तुझ्या अमेरिकेच्या व्हिसासाठी जावईबापूंनी भरलेल्या अर्जाची पावती आली, बरं झालं. आता तीन अक्षरं आणि दहा आकड्यांचा तो नंबर तू रोज उठल्या उठल्या तपासत बसशील, म्हणून हे पत्र आजच लिहिते आहे. 'अर्ज मिळाला' एवढं एकच वाक्य तिथे महिनोन्महिने दिसणार आहे. त्याचा अर्थ फाईल अडकली असा नाही. अर्ज रांगेत असतो आणि अधिकारी तो उघडेपर्यंत पडद्यावर काही बदलत नाही. यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन कार्यालयाच्या, संकेतस्थळावरल्या खात्यात ईमेल सूचना चालू करून ठेव आणि आठवड्यातून एकदाच बघ. दिवसात दहा वेळा बघितल्याने रांग सरकत नाही, तुझा दिवस मात्र मोडतो.

टप्पे तीन आहेत. आधी यूएससीआयएस आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठी केलेला हा पहिला अर्ज, मंजूर करते. मग फाईल एनव्हीसीकडे, म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे फी, डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म आणि कागद झाले की मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. जावईबापू अमेरिकेचे नागरिक असल्यामुळे पत्नीच्या व्हिसाला वार्षिक मर्यादा नाही. कुणी व्हिसा बुलेटिनमधल्या, म्हणजे मर्यादा असलेल्या व्हिसांच्या रांगेच्या मासिक पत्रकातल्या, तारखा सांगून घाबरवलं तर ते तुला लागू नाही, एवढं ध्यानात ठेव. तरी वर्षाच्या आत होईल असं धरू नकोस. दोन वर्षं लागली तरी चालेल अशा बेताने घर, नोकरी आणि पैसे मांड.

तुझ्या फाईलमध्ये काळजीची जागा एकच आहे, ती म्हणजे नावं. बाबांचं नाव जन्मदाखल्यावर 'दत्तात्रय' आहे आणि पासपोर्टवर 'दत्तात्रेय'. आपल्याला हा एका मात्रेचा फरक वाटतो, इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र तो दोन वेगळ्या माणसांसारखा दिसतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेव. दुसरं म्हणजे लग्नात तांदळात लिहिलेलं तुझं नवं नाव. तू ते कुठल्याही सरकारी कागदावर लावलेलं नाहीस, हे चांगलं केलंस. पण लग्नपत्रिका आणि फोटोंचा अल्बम पुरावा म्हणून जोडलाय आणि त्यात तेच नाव झळकतंय. डीएस-२६० मध्ये 'वापरलेली इतर नावं' विचारतात, तिथे ते लिही. माहेरचं पूर्ण नाव, म्हणजे तुझं नाव, बाबांचं नाव आणि आपलं आडनाव, हेही लिही. आणि प्रक्रिया चालू असताना पासपोर्टवरचं नाव बदलायला जाऊ नकोस, त्यातून नुसती गुंतागुंत वाढते.

कागद स्कॅन करताना रंगीत कर आणि मागची बाजूही घे. पालिकेचा शिक्का बऱ्याचदा मागे असतो आणि नेमकी तीच बाजू राहून जाते. मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, आणि भाषांतर अचूक असल्याचं व आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचं भाषांतरकाराने सही करून लिहिलेलं हवं. एनव्हीसीची फी, व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीचे १२०, अमेरिकेतल्या बँक खात्यातूनच भरता येते, म्हणून ते काम जावईबापूंचं. भरायच्या दिवशी संकेतस्थळावर दिसेल तोच आकडा खरा धर. आय-८६४ ही हमी त्यांनीच द्यायची, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी लागतं. एनव्हीसीचं पत्र आल्यावर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते, हेही लक्षात असू दे.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचं प्रमाणपत्र, पासपोर्ट सेवेतून निघतं, फी ५०० रुपये. पडताळणी तू सध्या राहतेस त्या पत्त्यावर होते, म्हणून पुण्यातल्या फ्लॅटचा नोंदणीकृत भाडेकरार हाताशी ठेव. आत्ताच काढायची घाई नको. एनव्हीसी ते दोन वर्षांपर्यंतच धरते, फाईल तिथे पोचली की काढ.

आता तुमच्या दोघांबद्दल. भांडणं होतात असं तू लिहिलंस. मला वाटतं त्यातली निम्मी तरी फाईलवरून होत असणार. 'टॅक्सचे कागद पाठवलेस का' याने सुरू झालेला फोन प्रेमात संपत नाही. म्हणून फाईलला स्वतःची वेळ द्या. शनिवारी सकाळी साडेसात ते आठ, तेव्हा न्यू जर्सीत शुक्रवारची रात्र असते. एक वही कर आणि तीन रकाने आख: काय करायचं, कुणी, कधीपर्यंत. अर्धा तास झाला की वही बंद. बाकी सहा दिवस फाईलचा शब्द काढायचा नाही. तातडीचं काही आलंच तर ते निरोपात लिहायचं, बोलण्यात आणायचं नाही. आणि शनिवारीही वही मिटल्यावर पाच मिनिटं नुसतं बोला.

रोजच्या फोनचं गणित पक्कं बांधून ठेव. उन्हाळ्यात आपण न्यू जर्सीच्या साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. तुझे सकाळचे साडेसात म्हणजे त्यांचे रात्रीचे दहा, हिवाळ्यात नऊ. हा बदल दिवाळीच्या आसपास येतो, आणि त्याच आठवड्यात 'तू फोनच केला नाहीस' असं होतं. कॅलेंडरवर दोन्ही रविवारी खूण कर. झोप मोडून रात्री दोनला बोलायची सवय लावू नका. आठवडाभर झोप कमी पडली की साधा प्रश्नही टोमण्यासारखा ऐकू येतो.

दर वेळी व्हिडिओवर समोरासमोर बसून बोलायलाच हवं असं नाही. तू डब्याच्या पोळ्या लाटतेस तेव्हा फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेव, त्यांना तिकडे रात्रीची भांडी आवरू दे. मध्ये पाच-पाच मिनिटं कुणी बोललं नाही तरी चालतं. लाटण्याचा आवाज आणि नळाचं पाणी एकमेकांना ऐकू येतं, संसारात बऱ्याच वेळा एवढंच असतं.

भेटी मात्र व्हायला हव्यात. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, आहे, त्यांना इथे यायला व्हिसा लागत नाही. रजा तुकड्या-तुकड्यात न घालवता वर्षात दोन भेटी आधीच ठरवा आणि तिकिटं काढा. भेटीची तारीख माहीत असली की मधले महिने मोजता येतात. बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के आणि दोन्ही घरच्यांबरोबरचे फोटो संसार खरा असल्याचा पुरावा म्हणून जपून ठेव. दर महिन्याला एक फोल्डर: दोन-तीन फोटो, कॉलच्या यादीचं एक चित्र, पैसे पाठवल्याची नोंद. एवढं पुरे. हजार पानं चॅट छापून अधिकाऱ्याचा वेळ घेऊ नका.

मधल्या काळात पर्यटक व्हिसावर जाऊन यावं, असं सांगणारे भेटतील. डीएस-१६० फॉर्ममध्ये तुझ्यासाठी स्थलांतराचा अर्ज झालाय का हे विचारतात आणि उत्तर 'हो' द्यावंच लागतं. मग तू परत येशील हे पटवणं फार अवघड. खोटं लिहिलं तर कायमची अपात्रता येऊ शकते. या वाटेला जाऊ नकोस.

नोकरी सोडू नकोस. राजीनामा पासपोर्टवर व्हिसा चिकटून हातात आल्यावरच द्यायचा. व्हिसाची मुदत साधारण मेडिकलपासून, म्हणजे व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीपासून, सहा महिने असते, त्यात दोन-तीन महिन्यांचा नोटिस पीरियड आरामात बसतो. मुलाखतीनंतर २२१-जीची, म्हणजे निर्णय तूर्त थांबवल्याची, चिठ्ठी मिळून आणखी कागद मागितले गेले आणि तू घरी बसलेली असलीस, तर ते महिने फार जड जातात. विद्यापीठातून पदवीच्या ट्रान्सक्रिप्टही याच काळात काढून ठेव.

मेडिकल मुलाखतीच्या आधी, वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होतं. छातीच्या एक्स-रेत डाग दिसला तर थुंकीची कल्चर तपासणी लागते, त्यात आठ आठवडे जाऊ शकतात. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसींचे दोन-दोन डोस लागू शकतात, मध्ये निदान चार आठवडे. जुनी नोंद सापडली तर हे वाचतं.

आणि एक गोष्ट फोनवर बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते. जावईबापू येतील तेव्हा मुलाचा विचार दोघांनी मिळून, उघडपणे करा. या लसी गरोदरपणात देत नाहीत, घेतल्यावरही महिनाभर थांबावं लागतं. गरोदर असताना एक्स-रेमुळे मेडिकल लांबू शकतं. बाळ इथे जन्मलं तर ते तुझ्या व्हिसावर जात नाही. वडील जन्माआधी अमेरिकेत एकूण पाच वर्षं राहिलेले असतील, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची, तर बाळ जन्मतःच तिथलं नागरिक ठरतं आणि वकिलातीत त्याची नोंदणी करून पासपोर्ट काढावा लागतो. मूल आत्ता नको असं मी म्हणत नाही. तुमचं वय काही यूएससीआयएससाठी थांबणार नाही. फक्त हे माहीत असून ठरवा.

उशिराचा एक फायदाही आहे. अमेरिकेत पाऊल ठेवशील त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली असली, तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं सशर्त न मिळता दहा वर्षांचं मिळतं, आणि अटी काढण्याचा आय-७५१ अर्ज टळतो. तारखा जवळ आल्या तर तिकीट काढताना हे बघ.

'अजून गेली नाहीस?' असं विचारणाऱ्यांना एकच उत्तर दे: 'रांगेत आहे, नंबर आला की सांगेन.' हळदीकुंकवाला जायचं टाळू नकोस. पण दोन आठवडे सलग झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन रमत नसेल, तर ती नुसती आठवण नव्हे. तेव्हा डॉक्टरांना भेट, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरावर फोन कर. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आणि आम्हाला सांग, रात्री कितीही वाजता.

पुढच्या रविवारी साताऱ्याला येशील तेव्हा मूळ जन्मदाखला घेऊन ये, प्रतिज्ञापत्राचं काम सोमवारी सकाळी करून टाकू. बाबांनी कपाटातून तुझं लसीकरणाचं कार्ड शोधून काढलंय. कडेला फाटलंय, पण गोवराच्या डोसची तारीख वाचता येते.

तुझी,
आई