सामायिक मळ्यातल्या कोंबड्यांचा वाली कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र कोंबड्यांबद्दल आहे, विषय छोटा वाटेल पण कृपया जागा द्या, कारण ही गोष्ट काही एका मळ्यापुरती नाही. फोंडा तालुक्यात आम्ही काही कुटुंबं एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, शेतात मिळून भाजी करतो. विहीर एक, पंप एक, कुंपण एक आणि आत प्रत्येकाचे आपापले वाफे. तांबडी भाजी, मुळा, भेंडी, वाल, मिरची, ज्याला जे जमेल ते. त्यातल्याच एकाने कोपऱ्यात जाळीचं खुराडं करून गावठी कोंबड्या पाळल्या. सगळ्यांना आवडलं, पोरं तर शाळा सुटली की तिकडेच. मग तो माणूस बोटीवर कामाला गेला, घरच्यांना रोज येणं जमेना आणि खुराड्याला कुलूप लागलं. पाण्याच्या भांड्यात हिरवं शेवाळ, खाली शिटेचा ओला थर, जवळ गेलं की डोळे चुरचुरायचे, आणि एक कोंबडी पिसं फुलवून डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली. येणारा जाणारा बघायचा, हळहळायचा आणि म्हणायचा, आमच्या नव्हेत बाबा, उगाच भांडण नको.

माझी तक्रार त्या माणसाबद्दल नाही, या वाक्याबद्दल आहे. सामायिक जागेत पाळलेलं जनावर हे कागदावर एकाचं असतं पण ते रोज दहा जणांच्या डोळ्यांसमोर असतं, आणि दहाही जण दुसरा कोणीतरी बघेल म्हणून थांबतात. घराच्या परसात कोंबडी असती तर शेजारणीने हाक मारून सांगितलं असतं, अगो तुझ्या कोंबड्यांना पाणी नाही. मळ्यात मात्र सगळेच शेजारी आणि कोणीच शेजारी नाही.

पाण्याचं आधी सांगते कारण जीव सगळ्यात आधी पाण्यावाचूनच जातो. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, उकाड्यात त्याच्या दुप्पट सुद्धा. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते आणि तशी अंगातली उष्णता बाहेर टाकते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हवेतच एवढा दमटपणा असतो की धापा टाकूनही तिला पुरता थंडावा मिळत नाही, त्यात वर पत्रा तापलेला आणि भांडं कोरडं, मग एका दुपारीत कोंबडी मरते. खाणं दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम, म्हणजे एका घराला जड नाही, पण ते रोज लागतं, रविवारी येऊन आठवड्याचं ओतून गेलं तर अर्धं भिजून बुरशी धरते आणि उरलेलं उंदीर खातात. उंदीर आले की मागोमाग साप, आणि पावसात त्याच उंदरांच्या मुतामुळे लेप्टोच्या तापाची भीती, चिखलात अनवाणी काम करणारे आपणच असतो.

अजून एक गोष्ट लक्षात आली ती कोणी फारशी बोलत नाही. श्रावणात कितीतरी घरांत अंडी खात नाहीत, मग अंडी काढायला कोणी फिरकत नाही, आणि अंडी काढायला जाणं हीच खरं तर खुराड्यावर रोज नजर टाकायची वेळ असते. श्रावण संपतो न संपतो तोच चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, सगळे आपापल्या मूळ घरी. म्हणजे ऐन पावसाळ्यात, खालचा भुसा ओला होतो आणि रक्ती हगवणीसारखे रोग पसरायला बरोबर तशीच ओल लागते, तेव्हाच खुराडं सगळ्यात एकटं पडतं. चवथीला घराला कुलूप लावताना आपण तुळशीला पाणी घालायला कोणाला तरी सांगून जातो. कोंबड्यांसाठी पण सांगून जायला हवं.

आता, दुर्लक्ष झालंय की नाही हे ठरवताना घाई पण करू नये. कोंबडी वर्षातून एकदा पिसं टाकते, तेव्हा मान उघडी, शेपूट गायब, अगदी बिचारी दिसते आणि अंडी पण बंद करते, पण तो रोग नाही आणि मालकाचा दोषही नाही. खरी खूण म्हणजे उचलून घेतल्यावर छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागणं. तुरा लाल न राहता फिकट पडणं. पायावरचे खवले उचकटून जाड पांढरट होणं, ती खवल्यांखाली शिरणारी बारीक किडीची करामत, व्हॅसलीन किंवा तेल नियमित चोळलं की ती किड गुदमरते आणि हळूहळू पाय सुधारतात. आणि एक तांबडी किड असते ती दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडतच नाही, ती दांड्याच्या आणि फळ्यांच्या फटीत लपते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येते, त्यामुळे दिवसा बघून सगळं ठीक आहे म्हणणारा फसतो. रात्री टॉर्च घेऊन दांड्याखाली पांढरा कागद धरून बघा. माना वाकड्या होऊन कोंबड्या पडायला लागल्या तर तो मानमोडी रोग, त्याला औषध नाही, लसच आधी द्यावी लागते, आणि एकाच्या कोंबड्यांना लस दिली नाही तर आजूबाजूच्या वाड्यावरच्या कोंबड्या पण धोक्यात. एकदम बऱ्याच मेल्या तर हात लावू नका, ओहोळात तर मुळीच टाकू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हा आपल्या शेजारच्या राज्यात किती हाहाकार झाला होता ते आठवत असेल.

लोक वैतागून काय काय करतात ते पण ऐकलंय. कोणी जाळी कापून सोडून देतो, त्याला वाटतं पुण्य केलं, पण बंद खुराड्यात वाढलेली कोंबडी बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत कुत्रा, मुंगूस नाहीतर उदमांजर, आणि तोवर तिने सगळ्यांचे वाफे उकरलेले. कोणी न सांगता घरी नेतो, मग चोरीचा आळ आणि पोलीस. कोणी विष घालायच्या गोष्टी करतो. हे तर सरळ गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावर मारलं, विष घातलं किंवा लुळं केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उलट उपाशी ठेवणाऱ्याला काय? १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा सांगतो की मालकाने पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा दिला नाही तर तो गुन्हा, कोंबडी सुद्धा त्यात येते, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! आज ५० रुपयात आपल्या बाजारात गावठी अंडी तरी किती येतात? कायद्याचा हा आकडा बदलायलाच हवा. पण तो बदलेपर्यंत कोंबड्या थांबणार नाहीत.

इंग्लंडमध्ये गेलेले आपले गोंयकार असे मळे चांगले ओळखतात, तिथे त्यांना अलॉटमेंट म्हणतात. १९५० च्या तिथल्या कायद्याने अलॉटमेंटवर कोंबड्या आणि ससे पाळायची मुभा आहे, कोंबडा मात्र नाही, धंदा करायचा नाही आणि इतरांच्या तब्येतीला त्रास होता कामा नये. २००६ च्या कायद्याने जनावराच्या गरजा भागवणं ही पाळणाऱ्याची जबाबदारी, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिथे एक कोंबडी असली तरी सरकारकडे नोंद करावी लागते. आपल्याकडे एवढं सगळं लगेच होईल असं मी म्हणत नाही, पण मळा वाटून घेताना भाडं, पंपाचं बिल, पाण्याच्या पाळ्या हे आपण वहीत लिहितोच ना, मग त्यातच कोंबड्यांचं पण लिहा.

आमच्याकडे शेवटी काय झालं ते सांगते. कोंबड्यांच्या मालकाच्या घरून त्याचा नंबर मिळवला आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, आरोप काही नाही, फक्त फोटो आणि एक ओळ की कोंबड्यांना पाणी नाही, काय करू? बोट बंदराला लागल्यावर त्याचा फोन आला, म्हणाला बाई, आत्ताच्या आत्ता कुलूप तोडा, मला कोणी सांगितलंच नाही. त्याला वाटत होतं की मळ्यातले लोक बघत असतील. ती कोपऱ्यातली कोंबडी वाचली नाही, बाकीच्या वाचल्या. उथळ भांड्यात सावलीत पाणी, मग थोडी थोडी कणी आणि कोंडा, एकदम भरपूर नाही, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवून औषध. खुराडं रिकामं करून उन्हात धुतलं, फटींना चुना मारला. काढलेली शीट ताजी ताजी वाफ्यात घालायला काहीजण निघाले होते त्यांना थांबवलं, ती पिकांना जाळते आणि मुळा-काकडी सारखं कच्चं खाण्यात रोगजंतू जातात, काही महिने कुजवूनच घालावी.

आता वहीत आम्ही लिहिलंय, ज्याला कोंबड्या ठेवायच्या त्याने मळ्यातल्याच दुसऱ्या एका माणसाचं नाव आणि सही आधी द्यायची आणि खुराड्याची दुसरी चावी त्या माणसाकडे. बाहेरगावी जाताना त्याला सांगून जायचं. दोन दिवस पाणी दिसलं नाही तर चावीवाल्याने उघडायचं, कोणाची परवानगी लागत नाही, मालकाने आधीच दिलेली आहे. खर्च मालकाचा, अंडी त्या दिवसांपुरती बघणाऱ्याची. महिनाभर मालक आलाच नाही तर कोंबड्या कोणाकडे जाणार ते नाव पण आधीच लिहिलेलं. दुसरा माणूस मिळत नसेल तर कोंबड्या नाहीत, मग कोणी कितीही गळ घातली तरी. एकाने नियम ऐकून कोंबड्यांचा विचार सोडून दिला, वाईट वाटलं पण ते बरं झालं.

पावसाळा संपला की वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, आणि भाजीच्या जमिनी ठिकठिकाणी वाटल्या जातील, सोसायट्यांच्या मोकळ्या जागेत पण आजकाल वाफे होतात. भाटकार, कोमुनिदाद (गावची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था), सोसायटीची कमिटी, ज्यांच्या सहीने जागा मिळते त्यांनी वाटणीच्या कागदावर ही दोन ओळींची अट घालावी, आणि पंचायतींनी असा एक नमुना कागद मराठी-कोंकणीत करून ऑफिसात ठेवावा. खर्च फक्त झेरॉक्सचा आहे. चवथीच्या आधी झालं तर फारच चांगलं.

आपली नम्र,
एक भाजी पिकवणारी वाचक, फोंडा