ट्रकच्या अपघातात दोष कुणाचा, हे मयताच्या बायकोनं शोधायचं का?

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवते. माझ्याकडे येणारी माणसं बहुधा एक प्लास्टिकची पिशवी घेऊन येतात. पिशवीत एफआयआरची अंधुक झेरॉक्स असते, पोस्टमॉर्टेमचा कागद, दवाखान्याची बिलं, मयताचं आधार कार्ड असतं. ज्या ट्रकखाली माणूस गेला त्या ट्रकबद्दल त्यात एकच गोष्ट असते, नंबर. आणि तोसुद्धा कधी कधी एखाद्या आकड्यानं चुकलेला.

अशा एका पिशवीबद्दल सविस्तर सांगते. रात्रपाळी संपवून मोटारसायकलवर घरी निघालेला माणूस महामार्गावर उभ्या ट्रकवर मागून आदळला आणि जागीच गेला. ट्रक पंक्चर होऊन उभा होता. अर्धा साइडपट्टीवर, अर्धा रस्त्यावर. मागचे दिवे बंद होते, रिफ्लेक्टरवर चिखलाचा थर होता. मेहुण्यानं मोबाइलवर काढलेल्या फोटोत हे सगळं दिसतं. सकाळी पंचनामा झाला तेव्हा ट्रक तिथे नव्हता, तो ठाण्याच्या आवारात नेला होता. पंचनाम्यात नोंद आहे ती काचांची, एका चपलेची आणि 'रस्त्यावर दोन मोठे दगड दिसून आले' एवढीच. ते दगड ट्रक घसरू नये म्हणून चाकामागे लावलेले होते. ट्रक नेणाऱ्यांनी ते उचललेसुद्धा नाहीत.

गुन्हा दाखल झाला तो मेलेल्या माणसावर. 'मयत याने आपल्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून स्वतःच्या मरणास स्वतः कारणीभूत झाला.' हे वाक्य मी इतक्या एफआयआरमध्ये वाचलंय की डोळे मिटून म्हणता येईल. इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा जागी वाहन सोडायचं नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतं. त्या कलमाचा उल्लेख कागदांत कुठेच नव्हता. आरटीओच्या तपासणीत ब्रेक चालू आहेत आणि मागच्या बाजूला नुकसान झालंय, इतकं लिहिलं होतं. मागचा दिवा अपघाताआधी लागत होता का, हे कुणी विचारलंच नाही. पुढे विमा कंपनीनं तोच एफआयआर जोडून कैफियत दिली की चूक मयताचीच आहे, सबब दावा फेटाळावा. आणि कोर्टानं अशा वेळी मयताचीही चूक धरली की भरपाईतून तेवढा वाटा वजा होतो. एक दिवा लागत होता की नव्हता, यावर दोन मुलांच्या शिक्षणाचे पैसे निम्मे होऊ शकतात.

महोदय, कायद्यात जबाबदारी कुणाची याबद्दल फारसा घोळ नाही. चालकाच्या चुकीला मालक जबाबदार असतो आणि थर्ड पार्टी विमा सक्तीचा असल्यानं रक्कम विमा कंपनीनं भरायची असते. लायसन्समध्ये खोट निघाली तरी आधी कुटुंबाला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा, ही वाट सर्वोच्च न्यायालयानं २००४ च्या स्वर्णसिंग निकालात घालून दिली आहे. अडचण पुराव्याची आहे. पूर्ण भरपाई मागणाऱ्याला हलगर्जी सिद्ध करावी लागते, आणि हलगर्जी दाखवणारा जवळजवळ प्रत्येक कागद समोरच्या पक्षाच्या ऑफिसात असतो.

ट्रकमध्ये माल किती होता, हे वजनकाट्याच्या चिठ्ठीवर असतं. माल कुणाचा, कुठून कुठे चालला होता, हे बिल्टीवर आणि ई-वे बिलावर असतं. चालक किती तास स्टिअरिंगवर होता, हे फास्टॅगवरून कळतं. कोणत्या टोलनाक्यावर गाडी किती वाजता गेली हे मांडलं की आदल्या रात्रीची सगळी कहाणी समोर येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेनं जागा घेईपर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा लागू होता आणि त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. इतक्या वर्षांत एखाद्या अपघाताच्या तपासात या कायद्याचं नाव आलेलं माझ्या पाहण्यात नाही. ज्यादा माल भरून गाडी चालवणाऱ्यासोबत ती चालवू देणाऱ्यालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे. म्हणजे दोष चालकाच्या सीटपाशी थांबत नाही, हे कायद्याला ठाऊक आहे. तपास मात्र तिथेच थांबतो.

त्या चालकाबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत. कोर्टात तो बहुतेकदा येतच नाही, परराज्यातला असतो, नोटीस परत येते. जे आले त्यांच्यातल्या एकानं साक्षीच्या दिवशी व्हरांड्यात मला सांगितलं होतं की वेळेत माल पोचला नाही तर भाड्यातून पैसे कापतात, म्हणून झोप आली तरी गाडी बाजूला घेता येत नाही. मी त्याच्या विरुद्ध पक्षाची वकील होते. उलटतपासात त्याला हे विचारलं तेव्हा मालकाकडे एकदा बघून तो 'मला सांगता येणार नाही' म्हणाला. अशा अपघातात चालकच मेला तर त्याच्या घरचे १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली दाद मागू शकत होते आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेखाली मागू शकतात, पण ते त्यांना सांगणारं कुणी नसतं.

आता सहा महिन्यांचं. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा, ही अट संसदेनं १९९४ मध्ये काढून टाकली होती. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं ती परत आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या वेळी उशीर माफ करण्याची तरतूदही ठेवलेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, या अटीला दिलेल्या आव्हानाचा निकाल लागेपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश दिला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर किती दिवस काढायचे? घरातला कर्ता माणूस गेल्यावर पहिले महिने दिवसपाणी, दवाखान्याचं देणं, शाळेची फी आणि पोलीस ठाण्याच्या खेपा यांतच जातात. ज्याचा पाय गेला तो तर सहाव्या महिन्यात अजून खाटेवरच असतो.

ज्या दुरुस्तीनं ही अट आणली तिनंच चांगल्या गोष्टीही दिल्या, हे मला मान्य आहे. पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत ट्रिब्युनलला, म्हणजे अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला, पाठवायचा आणि ट्रिब्युनलनं तो अहवालच दावा म्हणून धरायचा. २०२२ च्या केंद्रीय नियमांत तर ४८ तासांत पहिला अहवाल, ९० दिवसांत सविस्तर अहवाल आणि दहा दिवसांत अपघातग्रस्ताला त्याचे हक्क सांगणारा नमुना क्रमांक दोन, असं सगळं आखून दिलेलं आहे. हे नीट चाललं तर कुटुंबाला माझ्याकडे यावंच लागणार नाही, आणि मला त्याचा आनंदच होईल. पण उभ्या ट्रकवर आदळून गेलेल्या त्या माणसाच्या बायकोच्या पिशवीत नमुना दोन नव्हता. असा काही कागद असतो हे त्यांना मी सांगितलं, अपघातानंतर पाच महिन्यांनी.

आपल्याच मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ साली देशात रस्ते अपघातांत १,७२,८९० माणसं गेली. त्यातल्या कितीजणांच्या घरी हा कागद पोचला, हे आपण राज्यांना विचारावं.

मागणं थोडक्यात मांडते. सहा महिन्यांची अट कायद्यातूनच काढा. त्यासाठी संसदेत जावं लागेल, वेळ लागेल, हे समजतं. पण दुसरं मागणं नियमांतल्या नमुन्यांबद्दल आहे आणि त्याला अधिसूचना पुरते. अपघातात मालवाहू वाहन असेल तर पहिल्या ४८ तासांत त्या फेरीची बिल्टी, ई-वे बिल, काट्याची चिठ्ठी आणि आधीच्या २४ तासांच्या टोलच्या नोंदी जप्त करून सविस्तर अहवालाला जोडणं तपास अधिकाऱ्यावर बंधनकारक करा. मालकानं ते कागद दिले नाहीत तर ट्रिब्युनलनं ते त्याच्या विरुद्ध गृहीत धरावं. मालाचा धनी आणि ट्रान्सपोर्टर यांची नावं अहवालात आली पाहिजेत. वाहन जागेवरून हलवण्याआधी चारही बाजूंनी, दिवे आणि रिफ्लेक्टर दिसतील असे, वेळेची नोंद असलेले फोटो काढायला लावा. त्याला पोलिसाच्या खिशातला मोबाइल पुरतो. आणि नमुना दोन त्या त्या राज्याच्या भाषेत छापून पंचनाम्याच्या प्रतीसोबत घरच्यांच्या हातात द्या, सही घेऊन.

या पाचपैकी चार गोष्टींसाठी आपल्याला कुणाच्या मतांची जुळवाजुळव करावी लागणार नाही. मसुदा काढा, हरकती मागवा. पहिली सूचना पाठवायला मी तयार आहे.

आपली,
अपघाताचे दावे चालवणारी एक वकील