पाच घरांचा खटका

पुणे,
रविवार दुपार

प्रिय बंड्या,

पत्रास कारण की, गिटार घेतली. फोनवर सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला "स्विच कुठला?" म्हणून तोडलं असतंस आणि मागच्यासारखाच आपला खटका उडाला असता. म्हणून कागद. कागदाला मध्येच बोलता येत नाही.

तर ऐक. इलेक्ट्रिक, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या, म्हणजे स्ट्रॅटच्या घाटाची आहे. तीन सिंगल कॉइल (तारांचा आवाज उचलणारे एकेरी वेटोळ्याचे पिकअप), ते निवडायला पाच घरांचा स्विच म्हणजे खटका, एक व्हॉल्यूम, दोन टोन. रंग फिका निळा. बायकोच्या मते बाथरूमच्या टाइल्सचा.

तुझी शिफारस मी डावलली असं समजू नकोस. लेस पॉलच्या घाटाची, दोन हमबकरवाली (जोड कॉइलचे पिकअप), वर टॉगल स्विच आणि खाली चार नॉब असलेली दुकानात तासभर मांडीवर घेऊन बसलो होतो. आवाज भरदार, प्रश्नच नाही. मग टॉगल मध्ये ठेवून दोन्ही पिकअप एकत्र लावले, नेकचा, म्हणजे मानेकडच्या पिकअपचा व्हॉल्यूम शून्यावर नेला आणि अख्खी गिटार गप्प. काउंटरवरच्या पोराला वाटलं बिघडली. बिघडली नव्हती, लेस पॉलचं जुनं वायरिंगच तसं. दोन्ही व्हॉल्यूमची टोकं एकाच ठिकाणी जोडलेली, एक शून्यावर गेला की तो दुसऱ्याचाही सिग्नल सोबत घेऊन अर्थिंगला जातो. तू म्हणायचास, चार नॉब म्हणजे चार जणांचं स्वातंत्र्य. कसलं रे स्वातंत्र्य, एकत्र कुटुंब आहे ते. एक रुसला की सगळे उपाशी. दोन वायरी फिरवल्या की हे थांबतं, ठाऊक आहे. पण नव्या गिटारचं पोट पहिल्याच दिवशी फाडायचं मनात नव्हतं.

आता माझ्या गिटारची खोड आधी मीच सांगतो, नाहीतर तू सांगशील. गुणगुणते. आमच्या घरात ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर आणि आजोबांच्या काळातलं वायरिंग. सिंगल कॉइल ते सगळं भक्तिभावाने ऐकते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण ५० ची आणि तिच्या पटींची. त्यातला १०० चा सूर मी शोधून काढला. जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी हा सूर ९८ हर्ट्झचा. म्हणजे आमच्या भिंती दिवसरात्र जरासा चढा जी लावून बसलेल्या असतात! खिडकीकडे तोंड करून बसलं की कमी होतो, कपाटाकडे वळलं की वाढतो. आई म्हणाली, वास्तुदोष असेल.

पण दुसऱ्या नाहीतर चौथ्या घरात खटका टाकला की गुणगुण गायब. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे आणि त्याचे चुंबकही उलटे आहेत. त्यामुळे बाहेरची घरघर दोन कॉइलमध्ये एकमेकींना खाऊन टाकते, तारांचा आवाज मात्र दोनदा उलटून पुन्हा सुलट होतो आणि जमा होतो. ज्याने ही युक्ती पहिल्यांदा लावली त्याला एक चहा माझ्याकडून.

आणि ही दोन घरं मुळात नव्हतीच, बंड्या. १९५४ ला स्ट्रॅट आली तेव्हा खटका तीन घरांचा होता, एका वेळी एकच पिकअप. वाजवणाऱ्यांना कळलं की खटका दोन खाचांच्या मध्ये अडकवला तर दोन पिकअप एकदम बोलतात. मग कोणी बोटाने तोलून धरतोय, कोणी काडी खुपसतोय. फेंडरने पाच घरांचा स्विच बसवला तो १९७७ मध्ये, तब्बल २३ वर्षांनी. लोक त्या आवाजाला अजून आउट ऑफ फेज, म्हणजे दोन पिकअप एकमेकांच्या उलट, असं म्हणतात (तूही म्हणतोस!). दोन्ही पिकअप फेजमध्येच असतात, फक्त समांतर जोडलेले.

हा आवाज नाकात बोलतो, ही तुझी तक्रार. बोलतोच. मला तेच हवंय. सोसायटीच्या गणपतीत एका बाजूला कीबोर्ड, दुसऱ्या बाजूला ढोलकी, मध्ये गाणाऱ्या काकू. तिथे तुझा हमबकर काकूंच्या गळ्यावर बसतो. चौथ्या घरातली रिदम मात्र गर्दीच्या लोकलमध्ये चौथी सीट मिळवावी तशी कडेकडेने आत शिरते.

एक मुद्दा तुझा, मान्य. खटका हाताच्या वाटेत आहे. जोरात स्ट्रम केलं की कधीकधी शेजारच्या घरात जाऊन बसतो. व्हॉल्यूमचा नॉब तर करंगळीखालीच. सरावात दोनदा मी स्वतःचाच आवाज बंद केला आणि जॅक ओढून बघत बसलो. तुझं टॉगल वर, वाटेबाहेर आहे, हे खरं.

पण म्हणून प्रत्येक नॉबला पुश-पुल (वर ओढला की स्विच होतो तो) बसवून घे, हे तुझं नाही पटलं. क्वीन बँडच्या ब्रायन मेच्या गिटारवर प्रत्येक पिकअपला दोन स्विच, एक चालू-बंदचा, एक फेजचा. त्याने ती वडिलांबरोबर घरीच बनवली, त्याला अंधारातही कुठलं काय ते कळत असणार. मला अंधारात स्कूटरची किल्ली सापडत नाही.

आता खरं सांगतो, हसू नकोस. तीन आठवडे पाचही घरं फिरून झाली आणि एक आवाज सापडेना. तुझ्या त्या जुन्या टेलीच्या (फेंडरच्याच दोन पिकअपवाल्या टेलिकास्टरच्या) कॉपीचा, खटका मध्ये ठेवल्यावरचा. हॉस्टेलच्या गच्चीवर, रेडिओतून काढलेल्या स्पीकरवर तू वाजवायचास तो. नेक आणि ब्रिज, म्हणजे मानेकडचा आणि तारांच्या खालच्या टोकाकडचा पिकअप एकत्र. माझ्या पाचांत तो नाहीच, दोन एकत्र आले की मधला पिकअप सतत मध्ये. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरने त्याच्या काळ्या स्ट्रॅटला त्यासाठी एक छोटा टॉगल बसवून घेतला होता, कुठल्याही घरात नेक वरून जोडता यावा म्हणून.

मग काय, गेलो तपकीर गल्लीत. २५० किलोओहमचा पुश-पुल आणला. एकच! दुकानदाराने विचारलं, पंख्याला लावायचाय का. तो आता टेबलाच्या खणात पडलाय, कारण माझं सोल्डरिंग तू पाहिलंयस.

दिवाळीनंतर ये. तुझं ते बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आण, शिशाची तार माझ्याकडे आहे. शेवटचा टोनचा नॉब काढून हा बसवायचा, वर ओढला की नेक जोडला जाईल एवढंच. आणि उघडलंच आहे तर ब्रिजलाही टोन जोडून दे. जुन्या पद्धतीत दोन्ही टोन नेक आणि मधल्याला, सगळ्यात चिरका तो ब्रिज आणि त्यालाच काही नाही. बाकी कशालाही हात लावायचा नाही. मी शेजारी बसून बघणार आहे.

वहिनींना नमस्कार. त्यांना सांग, एका दिवसाचंच काम आहे.

तुझा,
अजूनही रिदमवालाच