स्कॅन केलेली माहिती आमच्यापर्यंत पोहोचत नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तंत्रज्ञानामुळे दिव्यांग व्यक्ती सक्षम होतील, अशा आशयाची भाषणे गोव्यात अलीकडे वरचेवर ऐकू येतात आणि ती ऐकून बरेही वाटते. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरला, पुढे त्याला आंतरराष्ट्रीय स्वरूप आले, देशभरातील दिव्यांग येथे येऊन गेले आणि दिव्यांगांच्या सक्षमीकरणासाठी स्वतंत्र खाते असलेले राज्य म्हणून गोव्याचे नाव घेतले जाऊ लागले. हे सर्व मनापासून मान्य करून मला एका साध्या, काहीशा रुक्ष विषयाकडे आपले व आपल्या वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. सरकारी खाती, पंचायती आणि वर्तमानपत्रे रोजच्या रोज जी माहिती प्रसिद्ध करतात ती कोणत्या स्वरूपात प्रसिद्ध होते, एवढाच तो विषय आहे.

मी पूर्णपणे दृष्टिहीन असून मोबाइल आणि संगणक दोन्ही स्क्रीन रीडरच्या साहाय्याने वापरते. ज्यांना याची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, पडद्यावरचा मजकूर हे सॉफ्टवेअर कृत्रिम आवाजात वाचून दाखवते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर या नावाने ते आधीपासूनच असते; विंडोज संगणकासाठी एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, जे ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली सुरू केले आणि जेम्स तेह या आपल्या दृष्टिहीन मित्रासह वाढवले. त्याआधी विकत मिळणारे असे सॉफ्टवेअर आपल्याकडच्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. आता मात्र साधन हाताशी आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि ते मराठीही वाचते. त्याचा आवाज यांत्रिक असतो, जोडाक्षरांवर तो कधी अडखळतो; पण एकदा कानाला सवय झाली की डोळस माणसाला नुसती कलकल वाटावी इतक्या वेगाने आम्ही तो ऐकतो. अडचण आहे ती या साधनासमोर आपण काय ठेवतो याची, कारण स्क्रीन रीडर अक्षरे वाचतो, अक्षरांचा फोटो वाचत नाही.

एखाद्या सरकारी खात्यातील परिपत्रक प्रसिद्ध कसे होते ते पाहावे. कारकून ते संगणकावर टाइप करतो. त्या वेळी ते आम्हाला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचता येण्याजोगे असते. मग त्याची छापील प्रत काढली जाते, तिच्यावर अधिकाऱ्याची सही होते, गोल शिक्का बसतो, आणि ती प्रत स्कॅनरवर, बहुधा किंचित तिरकीच, ठेवून तयार झालेली पीडीएफ संकेतस्थळावर चढवली जाते. या शेवटच्या पायरीवर सगळ्या मजकुराचे चित्र होते. स्क्रीन रीडर पान उघडतो आणि ते कोरे असल्याचे सांगतो. ज्या माहितीसाठी कुणीतरी तासभर टाइप करत बसले होते, ती प्रसिद्ध होता होता आमच्यापुरती पुसली जाते, आणि हे कुणाच्या वाईट हेतूने नव्हे तर निव्वळ सवयीने घडते.

यावर हमखास दिले जाणारे उत्तर मला ठाऊक आहे: चित्रातील अक्षरे ओळखणारी ॲप आता मोफत मिळतात, ती वापरा. मी ती रोज वापरते. स्वच्छ छापलेल्या सलग परिच्छेदात ती चांगले काम करतात; पण शिक्क्याखाली गेलेली ओळ, तक्त्यातील रकाने, पुसट झालेली झेरॉक्स आणि हाताने लिहिलेली तारीख येथे त्यांचा भरवसा राहत नाही. अर्जाची शेवटची तारीख किंवा शुल्काची रक्कम यांतला एक आकडा चुकला तर होणारे नुकसान आमचे असते, आणि चूक झाली आहे हे समजून घेण्यासाठीही पुन्हा डोळस माणसालाच गाठावे लागते. शिवाय मुळात वाचता येण्याजोगा मजकूर आधी वाचता येऊ नये असा करायचा आणि मग तो सोडवण्यासाठी आम्ही यंत्र शोधायचे, यात शहाणपणा कोणता? सही-शिक्क्याची सबबही आता टिकत नाही, कारण इलेक्ट्रॉनिक सहीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने कायदेशीर मान्यता दिलेली आहे. डिजिटल सही केलेली मूळ फाइलच चढवावी. आणि सही-शिक्क्याची स्कॅन प्रत ठेवायचीच असेल तर तिच्या शेजारी टाइप केलेली मूळ प्रतही ठेवावी. त्यासाठी वेगळी तरतूद लागत नाही, निविदा लागत नाही, समितीही लागत नाही.

नोकरभरतीच्या जाहिरातींत ही विसंगती सर्वांत जास्त बोचते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ३४ नुसार सरकारी आस्थापनांतील किमान चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असून त्यांपैकी एक टक्का दृष्टिहीन व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. ही जाहिरात स्कॅन करून चढवली की ज्यांच्यासाठी जागा राखल्या त्यांना तेवढीच ओळ वाचता येत नाही. नातेवाइकांनी वाचून दाखवावी, असे म्हटले जाते. नातेवाईक वाचतातही, पण ते त्यांच्या सवडीने वाचतात, त्यांना महत्त्वाचे वाटेल तेवढेच वाचतात, आणि आपण कोणत्या नोकरीसाठी अर्ज करणार आहोत हे घरात आधी कुणाला कळू द्यायचे हा निर्णय आपल्या हातून निसटतो. बँकेच्या, आरोग्याच्या आणि न्यायालयीन कागदपत्रांबाबत हे किती अडचणीचे असते ते वेगळे सांगायला नको.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. १९ एप्रिल २०१७ पासून लागू असलेल्या वरील कायद्याचे कलम ४२ सांगते की श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात उपलब्ध होईल याची व्यवस्था सरकारने करायची आहे. त्याखालील नियमांतील नियम १५ मध्ये संकेतस्थळे व कागदपत्रे यांसाठी मानके दिली होती. परंतु हा नियम बंधनकारक नसून केवळ शिफारसवजा असल्याने मूळ कायद्याशी विसंगत ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आणि सक्तीचे नियम तीन महिन्यांत करण्याचे निर्देश केंद्राला दिले. ही याचिका २००५ सालची होती, हे लक्षात घेतले म्हणजे आमच्या वाट्याला येणारी प्रतीक्षा किती लांबीची असते याचा अंदाज यावा. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निर्णय देताना, कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला लावणाऱ्या ओळख पडताळणीचा प्रश्न त्याच न्यायालयाने विचारात घेतला आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून वीस निर्देश दिले.

माहितीचा अधिकार कायदा, २००५ मधील कलम ७(४) तर फारसे कुणाला माहीतही नसते. ज्ञानेंद्रियांचे अपंगत्व असलेल्या व्यक्तीने माहिती मागितली असेल, तर ती तिला मिळवता यावी यासाठी आवश्यक ते साहाय्य जनमाहिती अधिकाऱ्यानेच द्यायचे आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. गोव्याने देशाच्या कायद्याआधी आठ वर्षे, १९९७ मध्येच, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. त्या राज्यात दृष्टिहीन अर्जदाराच्या हाती छायाप्रतींचा गठ्ठा देऊन प्रकरण निकाली काढले जाऊ नये, ही अपेक्षा फार मोठी म्हणता येणार नाही.

आता, संपादक महोदय, आपल्या व्यवसायाकडे वळते आणि थोडे स्पष्ट लिहिते. कलम ४२ मध्ये छापील माध्यमांचाही उल्लेख आहे. मराठी दैनिकांची संकेतस्थळे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत, असल्याने तेथील बातम्या आम्हाला वाचता येतात, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण त्या संकेतस्थळांवर दिल्ली असते, मुंबई असते, क्रिकेट तर असतेच. नसते ते तालुक्याचे पान. उद्या सकाळी कोणत्या भागात वीजपुरवठा बंद राहणार आहे, कोणत्या गावी जत्रा असून रात्री कोणते नाटक आहे, ग्रामसभा कधी आहे, आणि कोण वारले, हे सारे केवळ छापील अंकात आणि त्याची हुबेहूब प्रतिमा असलेल्या ई-पेपरमध्ये सापडते. आपल्याकडे पेपर हाती आला की अनेक जण पहिल्यांदा निधनवार्ता पाहतात. गावातल्या माणसाच्या जाण्याची बातमी दृष्टिहीन शेजाऱ्याला मात्र दिवसकार्ये होऊन गेल्यावर कळते. जगाची खबर आम्हाला मिनिटात मिळते आणि वाड्यावरची मिळत नाही, अशी ही विचित्र स्थिती आहे.

यामागचे तांत्रिक कारण आपल्या विभागातील मंडळींना चांगले ठाऊक असेल. देवनागरीसाठी युनिकोड १९९१ पासून अस्तित्वात आहे, परंतु छपाईच्या जगात त्याआधीपासून रुळलेले फॉन्ट अजूनही वापरात आहेत. त्या प्रत्येक फॉन्टचे संकेत निराळे; रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून ते काम भागवतात. डोळ्यांना पानावर उत्तम मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग असते, आणि स्क्रीन रीडर इमानेइतबारे तीच रांग म्हणून दाखवतो. या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत, आणि मुख्य बातम्यांसाठी दैनिके ती वापरतातही. तालुक्याचे पान, निधनवार्ता व जाहीर सूचना यांच्यासाठीही ती वापरली जावीत, ई-पेपरमध्ये प्रत्येक बातमीसोबत साध्या मजकुराची सोय असावी, आणि छायाचित्राखाली केवळ नावे न देता चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहिले जावे, एवढी माझी विनंती आहे. मराठीत २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी चालवून दाखवले; ब्रेल छापण्याचा खर्च आणि खटाटोप पाहता त्यांच्यापुढचे काम कितीतरी अवघड होते.

अर्ज भरण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेबद्दल थोडेच लिहिते. या व्यवस्थेमुळे कचेऱ्यांचे जिने चढण्याचा त्रास वाचला, हे चाकाची खुर्ची वापरणारे माझे परिचित आवर्जून सांगतात आणि ते खरेच आहे. पण शेवटच्या टप्प्यावर वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायला सांगणारी चौकट येते, तिला ऐकू येणारा पर्याय नसतो, बटणांना नावे दिलेली नसतात म्हणून स्क्रीन रीडर सगळ्यांनाच नुसते ‘बटण’ म्हणतो, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी ऐकून टाकेपर्यंत त्याची मुदत संपते. त्यामुळे घरबसल्या होऊ शकणाऱ्या कामासाठीही शेवटी दुसऱ्याकडे पासवर्ड सोपवावा लागतो.

कर्णबधिरांच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्यांच्या वतीने मी अधिकारवाणीने बोलू नये, तरीही एक गोष्ट नमूद करते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते आणि लिहिलेली मराठी ही त्यांच्यासाठी नंतर शिकलेली भाषा असते, म्हणून ‘लिहून दिले की झाले’ हा समज बरोबर नाही. केंद्र सरकारने भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन केली असून तिच्या शब्दकोशात २०२१ मध्येच दहा हजार नोंदी झाल्या होत्या. अतिवृष्टीच्या दिवसांत दिले जाणारे इशारे तरी सांकेतिक भाषेतील छोट्या चित्रफितींसह प्रसृत व्हावेत. सध्या हे इशारे रंगीत चित्राच्या रूपाने व्हॉट्सॲपवर फिरतात, म्हणजे आमच्याही उपयोगाचे नसतात.

जाता जाता एक मान्य करायला हवे. गोव्यातील सर्वांत सुगम माहितीव्यवस्था कोणत्याही खात्याने उभारलेली नाही. ती खासगी बसच्या दारात उभे राहून ‘म्हापसा, म्हापसा’ असे ओरडणाऱ्या कंडक्टरने उभारलेली आहे. नव्या बसगाड्यांवर झळकणारे इलेक्ट्रॉनिक फलक दिसायला आकर्षक असतील, पण त्यांच्या जोडीला ध्वनिघोषणा नसेल तर आमची गैरसोय वाढलीच असे समजावे.

२०११ च्या जनगणनेत गोव्यातील दिव्यांगांची संख्या ३३ हजारांहून अधिक नोंदली गेली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले असल्याने आणि वाढत्या वयात दृष्टी मंदावलेल्यांची यात भर पडत असल्याने आज ही गरज कितीतरी अधिक लोकांची आहे. म्हणून दिव्यांग सक्षमीकरण खात्याने आणि राज्य आयुक्तांनी सर्व खात्यांना एक परिपत्रक काढावे: स्कॅन प्रत एकटी चढवू नये, मराठी व कोंकणी मजकूर युनिकोडमध्येच असावा, आणि कोणतेही संकेतस्थळ किंवा ॲप कंत्राटदाराकडून ताब्यात घेण्यापूर्वी त्याची चाचणी दिव्यांग वापरकर्त्यांकडून करून घ्यावी. ही चाचणी आजवर अनेकदा आमच्या हौशीवर आणि एखाद्या स्मृतिचिन्हावर भागवली गेली आहे. ते कौशल्याचे काम आहे. गोव्यात ते करू शकणारे दृष्टिहीन तरुण आहेत, त्यांतील काही संगणकाचे शिक्षण घेऊन रोजगाराच्या शोधात आहेत, तेव्हा कंत्राटाच्या रकमेतच या चाचणीचे मानधन धरले जावे.

आपली,
एक दृष्टिहीन वाचक,
फोंडा