एड्सच्या विषाणूचे मूळ आता गूढ राहिलेले नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक एड्स दिनानिमित्त आपण काढलेली पुरवणी मनापासून वाचली. उपचार केंद्रांची माहिती आणि रुग्णांच्या हक्कांवरील लेख उपयुक्त होते. मात्र मुख्य लेखात हा विषाणू माणसात कोठून आला हे आजही गूढच असल्याचे म्हटले आहे आणि काहींच्या मते तो प्रयोगशाळेत तयार झाला, अशी पुस्तीही त्याला जोडली आहे. महाविद्यालयात अनेक वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवल्यामुळे या विधानाकडे मला दुर्लक्ष करता येत नाही. हे कोडे उलगडण्यासाठी बिआट्रिस हान या संशोधिकेने आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग वेचला आहे. त्यांच्या कामाचा आपल्या पुरवणीत साधा उल्लेखही नसावा, याचे मला फार वाईट वाटले.

हान मूळच्या जर्मनीच्या. म्युनिकमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून त्या अमेरिकेत विषाणूतज्ज्ञ रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा एड्सच्या कारणाचा शोध नुकताच लागत होता. एकाच रुग्णाच्या शरीरातील विषाणू काळानुसार कसा बदलत जातो, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या संशोधनात त्यांचा मोठा वाटा होता. १९८५ पासून त्यांनी बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठात आणि २०११ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम केले. विषाणू इतक्या वेगाने बदलत असेल, तर त्या बदलांच्या खुणांवरून मागे मागे जात त्याचा पूर्वज शोधता येईल, हा विचार त्यांच्या पुढील सर्व कामामागे आहे.

माकडांमध्ये आणि वानरांमध्ये आढळणाऱ्या याच कुळातील विषाणूंना एसआयव्ही म्हणतात. चिंपांझीमधील एसआयव्ही हा एचआयव्ही-१ च्या, म्हणजे माणसातील एड्सच्या मुख्य विषाणूच्या, जवळचा असल्याचे १९९० च्या सुमारास कळले होते, परंतु हाती असलेले नमुने अगदी थोडे होते आणि त्यांतला एक तर माणसातील विषाणूपासून बराच दूरचा निघाला होता. अशा वेळी मॅरिलिन नावाच्या चिंपांझी मादीचे गोठवून ठेवलेले ऊतक हान यांच्याकडे आले. तिला पिल्लू असतानाच आफ्रिकेतून पकडून अमेरिकेत आणले गेले होते आणि १९८५ मध्ये मृत जुळ्यांना जन्म दिल्यानंतर ती मरण पावली होती. तिच्या ऊतकातून मिळालेल्या विषाणूचा जनुकीय क्रम लावल्यावर हान यांच्या गटाने विषाणूबरोबरच ज्या प्राण्यांतून तो मिळाला त्यांची उपजातही तपासली. तेव्हा दिसून आले की मध्य आफ्रिकेतील चिंपांझींचे विषाणू एचआयव्ही-१ च्या शेजारी बसतात आणि दूरचा वाटणारा तो विषाणू पूर्वेकडील उपजातीच्या प्राण्याचा होता. म्हणजे विसंगती नमुन्यांत नव्हती, प्राण्यांच्या उपजातींत होती. हे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

तरीही आक्षेप शिल्लक होता आणि तो रास्त होता. पिंजऱ्यातल्या मोजक्या प्राण्यांवरून रानातल्या चिंपांझींविषयी निष्कर्ष कसा काढायचा? चिंपांझी ही धोक्यात आलेली प्रजाती असल्याने त्यांना बेशुद्ध करून रक्त काढत हिंडणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. येथे हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो मार्ग काढला, तो मला या संपूर्ण कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. त्यांनी जंगलात पडलेली विष्ठा गोळा करायला सुरुवात केली. स्थानिक वाटाड्यांनी माग काढायचा, चिंपांझींनी रात्री बांधलेल्या घरट्यांखालून विष्ठा उचलायची आणि ती संरक्षक द्रावणाच्या नळीत ठेवायची, म्हणजे शीतपेटीवाचूनही ती प्रयोगशाळेपर्यंत टिकते. तेथे आधी डीएनएवरून प्राणी कोणता, नर की मादी, हे ओळखायचे, मग विष्ठेत प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, सापडतात का ते पाहायचे आणि शेवटी विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याचे, तुकडे मिळवून त्यांचा क्रम लावायचा. रक्ताचा थेंबही न घेता आणि प्राण्याला हातही न लावता रानातल्या टोळ्यांची तपासणी करण्याची ही पद्धत बसवण्यात काही वर्षे गेली.

या पद्धतीने २००६ मध्ये उत्तर हाती आले. जगभर पसरलेल्या साथीला कारणीभूत असलेला एचआयव्ही-१ चा एम गट कॅमेरूनच्या आग्नेय कोपऱ्यातील चिंपांझींच्या विषाणूंशी सर्वांत जवळचा ठरला. एन हा दुर्मीळ गट त्याच देशाच्या दक्षिण-मध्य भागातील टोळ्यांशी जुळला. पुढे ओ आणि पी या गटांचे मूळ गोरिलांपर्यंत पोचले. चार गट म्हणजे वानरांतून माणसात झालेली चार स्वतंत्र संक्रमणे. शिकार केलेल्या प्राण्याचे मांस कापताना रक्ताचा संपर्क आल्याने ती घडली असावीत, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. एम गट विसाव्या शतकाच्या प्रारंभीच माणसात आला होता आणि १९२० च्या सुमारास आजच्या किन्शासा शहरात पसरू लागला होता, असे इतर संशोधकांनी जनुकीय कालगणनेवरून दाखवले आहे. जनुकांशी खेळण्याचे तंत्रच त्या काळी अस्तित्वात नव्हते, त्यामुळे प्रयोगशाळेत विषाणू बनवल्याची कथा तेथेच संपते.

अशीच दुसरी कथा पोलिओ लशीची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस काँगोमध्ये दिलेल्या तोंडी लशीतून एचआयव्ही पसरला, कारण ती किसांगानी भागातील चिंपांझींच्या पेशींवर वाढवली होती, असा दावा अनेक वर्षे केला जात असे. २००४ मध्ये त्याच परिसरातील चिंपांझींच्या विष्ठेतून विषाणू मिळवण्यात आला. तो एचआयव्ही-१ च्या शाखेतला नव्हताच, त्यामुळे हा दावा खोटा ठरला. या शोधनिबंधातही हान यांच्या गटाचा सहभाग होता. पोलिओच्या थेंबांविषयीच्या अफवांना तोंड देत आपल्या आरोग्यसेविकांनी घरोघरी काय सोसले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शोधाचे मोल वेगळे सांगायला नको.

टांझानियातील गोंबे राष्ट्रीय उद्यानातील काम तर मला अधिकच विचार करायला लावणारे वाटते. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांनी १९६० मध्ये तेथे निरीक्षण सुरू केले असल्यामुळे प्रत्येक चिंपांझीची नावानिशी, वंशावळीसह नोंद आहे. निसर्गातील यजमानाला एसआयव्हीचा त्रास होत नाही, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. हान व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ वर्षांच्या नोंदी आणि विष्ठेचे नमुने जोडून २००९ मध्ये दाखवले की वयाचा फरक लक्षात घेतल्यावर बाधित चिंपांझींना मृत्यूचा धोका १० ते १६ पट अधिक असतो आणि काहींच्या ऊतकांत एड्ससारखीच हानी दिसते. एक दृढ समजूत चिकाटीने गोळा केलेल्या नोंदींपुढे टिकली नाही. चिंपांझीतील हा विषाणू मुळात दोन वेगवेगळ्या माकडांच्या विषाणूंच्या मिश्रणातून बनला आहे आणि चिंपांझी माकडांची शिकार करतात, हे लक्षात घेतले तर तोही बिचारा या साखळीत माणसासारखाच मधे सापडलेला प्राणी आहे.

साठवून ठेवलेल्या याच नमुन्यांतून पुढे मलेरियाचाही उलगडा झाला. माणसाला होणाऱ्या घातक फाल्सीपेरम मलेरियाचा परजीवी मूळचा गोरिलांमधला, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. नमुने गोळा करताना हा प्रश्न कोणाच्या मनातही नसावा.

आता आपल्याकडचे. एचआयव्ही-२ हा दुसरा विषाणू पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगाबे या माकडांतून आला आणि १९९० च्या दशकातच मुंबईत तसेच महाराष्ट्र व गोव्यातील रक्तनमुन्यांत त्याच्या खुणा सापडल्या. वर्षानुवर्षे पहिल्या फळीत दिली गेलेली नेव्हिरापीन आणि इफाव्हिरेन्झ ही औषधे एचआयव्ही-२ वर मुळीच चालत नाहीत. रुग्णाला दोहोंपैकी कोणता विषाणू आहे हे ओळखण्यावर त्याचे आयुष्य अवलंबून होते. ज्यांना हे संशोधन निव्वळ कुतूहल वाटते, त्यांनी उपचार केंद्रातल्या डॉक्टरांना याविषयी विचारावे.

पुरवणीतील छायाचित्राबद्दलही लिहिणे भाग आहे. त्यात आपल्याकडचे लाल तोंडाचे माकड दाखवले होते. आशियातील माकडांत एसआयव्ही निसर्गतः आढळत नाही. सिंधुदुर्गातील लोकांना माकडताप ठाऊक आहे, पण तो गोचिडांमुळे पसरणारा वेगळाच आजार आहे. मंदिरापाशी किंवा घाटात दिसणाऱ्या माकडांचा एड्सशी संबंध जोडणारे चित्र वाचकाच्या मनात विनाकारण भीती पेरते आणि त्याची झळ मुक्या प्राण्यांना बसते.

म्हणून माझी विनंती अशी की विषाणूचे मूळ गूढ असल्याचे विधान आणि हे छायाचित्र, दोन्हींची दुरुस्ती आपण ठळकपणे छापावी. तसेच भारतात प्रामुख्याने आढळणारा एचआयव्ही-१ चा सी उपप्रकार आणि महाराष्ट्र-गोव्यातील एचआयव्ही-२ यांवर पुण्यात भोसरी येथे असलेल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांकडून लेख लिहवून घ्यावेत. त्यासाठी संदर्भ जुळवण्यास काही मदत लागल्यास मी ती आनंदाने करीन.

आपली विश्वासू,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, कोल्हापूर