सकाळची घाई नेमकी कुठे अडते?

माननीय संपादक महोदय,

सॉफ्टवेअर क्षेत्रातली कितीतरी माणसे हल्ली गोव्यात घरी बसून काम करतात. त्यांच्याबरोबर 'दिवस ऑप्टिमाइझ करा', म्हणजे वेळेचा पुरेपूर वापर करा, हा मंत्रही घरात शिरला आहे. त्याचा अर्थ बहुतेकदा मोबाइलवर आणखी एक ॲप, भिंतीवर मिनिटामिनिटाचे वेळापत्रक आणि ओट्यावर एक नवे यंत्र एवढाच घेतला जातो. जाणता डेव्हलपर अशी सुरुवात कधीच करत नाही, म्हणून हे पत्र.

प्रोग्राम संथ चालतो अशी तक्रार आली की आधी वेळ कुठे जातो ते मोजतात. याला प्रोफाइलिंग म्हणतात. अंदाज इथे हमखास चुकतो. संगणक रचनाकार जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब घरालाही लागू पडतो: एखादा भाग कितीही वेगवान केला, तरी एकूण बचत त्या भागाच्या वाट्यापेक्षा जास्त होत नाही. सकाळच्या नव्वद मिनिटांत नारळ खवायला नऊ मिनिटे लागत असतील, तर जगातले सर्वोत्तम यंत्र आणले तरी दहा टक्केच वाचतील. त्यातलेही काही यंत्र धुण्यात जातील. म्हणून आठवडाभर फक्त नोंद करावी. कोण कशासाठी थांबले आणि किती मिनिटे, एवढेच लिहावे. काहीही बदलू नये.

नोंदीत बरेचदा सापडतो तो गिझर. १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर २५ अंशांचे पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण १८ मिनिटे घेतो आणि ०.६ युनिट वीज खातो. अंघोळीची १५ लिटरची बादली ४० अंशांची करायला त्यातले साडेसहा लिटर पाणी लागते. म्हणजे दोन बादल्यांत टाकी आटोपली. आत येणारे थंड पाणी उरलेल्यात मिसळत असल्याने तिसऱ्याला कोमट पाणी मिळते, गिझर बिघडला असे वाटते आणि तंत्रज्ञाला फोन जातो. बिघडलेले काहीच नसते. चौघांच्या घरात दोन अंघोळी आधी उरकाव्यात, मग वीस मिनिटे डबे आणि चहा, मग उरलेल्या दोन. नवा गिझर घ्यायची गरज पडत नाही.

स्वयंपाकात एकाच वेळी दोन कामे चालवताना एक चाळणी लावावी: लक्ष न देता जे काम चालते, तेवढेच दुसऱ्या कामावर चढवता येते. उकड्या तांदळाचा भात शिजायला वेळ घेतो, पण पाहत बसावे लागत नाही. म्हणून तांदूळ आधी भिजत घालून कुकर सर्वांत आधी चढवावा आणि वाफ आपोआप जिरायची दहा मिनिटेही हिशेबात धरावीत. दूध मात्र फसवे. ते स्वतःहून तापते असे वाटते, पण नजर हटली की उतू जाते, आणि वाचलेला वेळ शेगडी पुसण्यात दुपटीने जातो.

साठवणीचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. संगणक वारंवार लागणारी माहिती जवळच्या छोट्या स्मृतीत ठेवतो, त्याला कॅश म्हणतात. गोव्याच्या घरांत मे महिन्यात भरले जाणारे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, त्याच तत्त्वावर चालते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुक्या मिरच्या, सोलं (आमसुलं), सुकी सुंगटं (कोलंबी), मीठ आणावे, पुन्हा कडक ऊन द्यावे, पूर्ण निवू द्यावे आणि मगच बरणीत भरावे. गरम माल भरला तर झाकणाला आतून पाणी सुटते आणि बुरशी धरते. दुसरी चूक जुलैत होते. मोठी बरणी रोज उघडली की दमट हवा रोज आत जाते. पंधरा दिवसांपुरते छोट्या बरणीत काढून मोठी घट्ट बंद ठेवावी, आणि ओला चमचा दोन्हींपासून दूर. खवलेल्या नारळाचेही तसेच: फ्रीजरमध्ये एका हुमणापुरत्या, म्हणजे एका वेळच्या कालवणापुरत्या, पुड्या करून, तारीख घालून ठेवाव्यात. नुसत्या फ्रिजमध्ये तो थोड्या दिवसांत आंबतो. तारीख नसलेली साठवण ही साठवण नव्हे.

वीजबिल आपोआप भरायची सोय जरूर करावी. पण कार्डाची मुदत संपली की ती गुपचूप बंद पडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. देय तारखेच्या दोन दिवस आधी 'पैसे गेले का?' अशी आठवण लावावी. गॅसचा दुसरा सिलिंडर जोडला त्याच दिवशी पुढचा नोंदवावा.

गणेश चवथीसारखे वर्षातून एकदा येणारे काम स्मरणावर सोडू नये. माटोळीत (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छतात) काय कमी पडले, काय उरले, कुठला दोरा तुटला, हे विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी ती यादी आयती मिळते.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट: मोकळी जागा. रांगेच्या गणितात, माणसे आणि कामे दोन्ही अनियमित असतील, तर काम करून देणारी खिडकी अर्धा वेळ व्यस्त असताना रांगेत सरासरी एका कामाच्या वेळेएवढे थांबावे लागते. नव्वद टक्के व्यस्त झाली की नऊ कामांएवढे. दिवसही तसाच तुंबतो. रायबंदर-चोडण फेरीबोट थोडी जरी चुकली तरी पुढचे सगळे कोसळेल, असे वेळापत्रक कार्यक्षम म्हणता येत नाही. आणि दारावर पाव घेऊन येणाऱ्या पोदेराशी दोन शब्द बोलण्यात जाणारी मिनिटे मोजायच्या भानगडीत पडू नये. ती वाया जात नाहीत.

आणखी एक. ज्या व्यक्तीच्या हातात स्वयंपाकघर आहे, तिला विचारल्याशिवाय घरातल्या हुशार मुलाने तिथल्या डब्यांची जागाही बदलू नये. मिठाचा डबा तिथे का आहे याला बहुधा कारण असते.

आपल्याला एक विनंती. दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद राहणार असल्याच्या सूचना आणि फेरीबोटीच्या वेळांतले बदल आदल्या दिवशी, तालुकावार, रोज एकाच पानावर एकाच कोपऱ्यात छापावेत. पाण्याचा पंप, गिझर आणि मिक्सर यांची वेळ त्यावरच ठरते, आणि ती बातमी शोधत पाने उलटावी लागली तर बहुतेक घरे ती वाचतच नाहीत.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता, फोंडा