गाडी मी चालवणार, चाखायचं तुम्ही

पुणे

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा ‘बघू’ म्हणतात आणि आईला नेमकं गॅसवर काहीतरी उतू जाताना दिसतं. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय.

बेत असा आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास नाशिकहून निघायचं, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत खाली डहाणूकडे उतरायचं आणि बोर्डीला समुद्राकाठी दोन रात्री राहायचं. मग त्याच रस्त्याने वर येऊन शेवटची रात्र गंगापूर धरणाच्या बाजूला, वाईनच्या द्राक्षमळ्यात काढायची. गाडी पूर्ण वेळ मी चालवणार. बाबा, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा आणि मगच पुढे जा.

तुम्ही गाडी छान चालवता, त्यावर वादच नाही. धुक्यातला कसारा घाट तुम्ही कसा काढायचात, ते मी मागच्या सीटवर बसून पाहिलंय. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो, हे तुम्ही आईला सांगितलंत आणि आईने मला. शिवाय इतकी वर्षं आम्हाला सगळीकडे फिरवताना तुम्ही फक्त रस्ताच बघत आलात. फेब्रुवारीत मोखाड्याच्या आजूबाजूला पळस फुललेला असतो. तो बघायचा असेल तर डावीकडच्या सीटवर बसावं लागेल. कुठला गिअर टाकायचा ते सांगायची मुभा आहे, पण फक्त घाटात. सपाटीवर आल्यावर गप्प बसायचं.

पौर्णिमाच का, ते तुम्हाला पटेल, कारण हा हिशोब पंचांगाचा आहे. कोकण किनाऱ्यावरची माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे दुपारी बाराच्या आत भरती आणि तिथून साधारण सहा तासांनी, साडेपाचच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. तास-अर्धा तास इकडेतिकडे होईल, पण सूर्य मावळायच्या वेळी वाळू उघडी असणार हे नक्की. बोर्डीचा किनारा इतका उथळ आहे की ओहोटीला पाणी पार लांब जातं. मागे राहते ती ओली, घट्ट वाळू, आणि आईच्या गुडघ्यांना तीच बरी. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि रात्री मग मलम चोळत बसावं लागतं. अष्टमीला गेलो असतो तर संध्याकाळी सहाला भरती असती आणि आपण सुरूच्या झाडांखाली बसून नुसतं पाणी बघितलं असतं. कालनिर्णय घेऊन एकदा तपासून बघा. चुकलं असेल तर कळवा, मला माहितीये तुम्हाला ते आवडेल.

शनिवार-रविवार मात्र टाळायचे. काढणीच्या दिवसांत सुट्टीला अख्खी मुंबई गंगापूर रस्त्यावर उतरते.

सकाळी सातला निघू. सिंहस्थाच्या कामांमुळे त्र्यंबक रस्त्यावर कुठे काय खणून ठेवलं असेल सांगता येत नाही. त्र्यंबकला थांबायचं नाही. आई, तू अजून काही बोलली नाहीस तरी मला ऐकू आलं. दर्शनाच्या रांगेत उभं राहिलो तर तिथेच दुपार होईल. त्याऐवजी चारोटीजवळ विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नक्की थांबू. खालचं देऊळ हायवेला लागूनच आहे, डोंगर चढायची गरज नाही. चैत्रातल्या यात्रेत तिथे पाय ठेवायला जागा नसते, माघात निवांत ओटी भरता येईल.

त्र्यंबक सोडलं की बाबांनी गोदावरी-वैतरणेचं सांगायचं. एका डोंगररांगेतून निघालेलं पाणी, त्यातली गोदावरी १४६५ किलोमीटर पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते आणि वैतरणा पश्चिमेला वळून, वाटेत मुंबईची तहान भागवून, अरबी समुद्रात जाते. लहानपणी हे मी इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे. पण वैतरणेच्या बाजूने समुद्रापर्यंत आपण कधी उतरलोच नाही. पाहुणे आले की त्र्यंबक, पंचवटी, पांडवलेणी दाखवायची आणि संध्याकाळी घरी, इथेच आपली हद्द संपायची.

मोखाड्यापासून पुढे वळणं फार आहेत, रस्ताही काही ठिकाणी खराब आहे. आईसाठी आल्याच्या वड्या मी घेते. जव्हारला जेवू. नाशिकपासून ते साधारण ८० किलोमीटर, म्हणजे पाय मोकळे करायला बरोबर मध्यावर. मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा तिथेच आहे. गुडघे ठीक असतील तर जाऊ, नाहीतर गाडीतून हनुमान पॉइंट गाठू. खालची दरी तिथून आयती दिसते. पुढचा पट्टा वारली पाड्यांचा. जिव्या सोमा मशे याच डहाणू तालुक्यातले, गंजाडचे. गेरूच्या भिंतीवरची तांदळाच्या पिठाची चित्रं त्यांनी कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आई, तुझ्या उशांच्या अभ्र्यांवर तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची जी गोल रांग आहे ना, ती मूळची इथली.

बोर्डीत मी काहीही ठरवलेलं नाही आणि ठरवणारही नाही. सकाळी उठायचं, चहा घ्यायचा, चिकूच्या वाड्यांमधून थोडं फिरायचं. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. ही माहिती आईने शुगर विसरून अर्धी टोपली संपवावी म्हणून दिलेली नाही. एका वेळी अर्धा चिकू, बस. बाबांना ताजे बोंबील. बहारोटच्या डोंगरावर, जिथे पारशांनी त्यांचा पवित्र अग्नी लपवून ठेवला होता, तिथे मला जायचं होतं, पण ती चढण आपल्यासाठी नाही. खालून बघू.

आता वाईन. आईला वाटतं तिथे माणसं झिंगून पडलेली असतात, आणि बाबांच्या मते तो दारूचा कारखानाच. तर कारखानाच म्हणा. बाबा, तुम्ही सगळी नोकरी नोट प्रेसमध्ये केलीत. शाई, कागद, यंत्र, एका आकड्याची चूक पकडणं, यावर तुम्ही तासभर बोलू शकता. इथेही स्टीलच्या टाक्या आहेत, तापमानाचे काटे आहेत, कुठल्या टाकीत काय आणि कधी ओतलं त्याची नोंद आहे. तुमचे प्रश्न संपायच्या आत गाइड दमेल.

पिंपळगावच्या मामाची बाग पाहिलेली असल्यामुळे अर्धं तुम्हाला माहीतच आहे. युरोपात वेल थंडीत पानं टाकून झोपतो आणि फळ उन्हाळ्याच्या शेवटी पिकतं. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून कात्रीनेच त्याला वेळापत्रक लावून द्यावं लागतं. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पाऊस सरता सरता फळासाठी गोडी छाटणी, मग काढणी जानेवारी ते मार्च. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, त्यामुळे त्या दिवसांत दुपारी ऊन आणि रात्री शाल लागेल असा गारवा. उन्हाने मण्यात साखर भरते, रात्रीच्या थंडीने आंबटपणा टिकून राहतो. वाईनला दोन्ही हवं असतं. पण ही द्राक्षं मामाला दाखवू नका. मणी बारीक, साल जाड, आत बिया. ‘एक्स्पोर्टला कोण घेणार?’ असं म्हणून तो छाटणीची कात्री मागेल.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट रंगाची आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रसही आतून फिकाच असतो, सगळा लाल रंग सालीत. सालीसकट आंबवलं की रेड वाईन, साली बाजूला काढून नुसता रस आंबवला की व्हाइट. आई, तुझ्या कोकमाच्या आगळासारखंच, रंग सालीतून उतरवायचा.

सुलाची पहिली वाईन २००० साली आली, तेव्हा मी नाशिकमध्येच होते आणि आपल्या घरात त्याची दखल फक्त ‘आता द्राक्षाची पण दारू’ इतकीच घेतली गेली. आता गंगापूर रस्त्यावर सुला आहे, यॉर्क आहे, सोमा आहे. कुठे राहायचं ते खोल्या बघून ठरवते. तळमजला आणि कमोड, या दोन अटी.

घर इतक्या जवळ असताना पैसे देऊन बाहेर झोपायचं? बाबांचा हा प्रश्न इथपर्यंत ऐकू आला. त्याला दोन उत्तरं आहेत. वाईनची द्राक्षं पहाटेच्या गारव्यात तोडतात, फळ तापायच्या आधी आत न्यायचं असतं. तोडणी बघायची असेल तर तिथेच उठायला हवं. दुसरं उत्तर आईसाठी. घरी पोचलो की तू पदर खोचून कुकर लावणार, वॉशिंग मशीन लावणार आणि कामवाल्या मावशींना फोन करणार. तिथे हे काहीच करता येत नाही.

चाखायला देतात ते अगदी थोडं थोडं, आणि सगळं गिळायलाच हवं असंही नाही, बाजूला भांडं ठेवलेलं असतं. शिनिन ब्लांक या पांढऱ्या द्राक्षाच्या वाईनमधली गोडसर असेल ती आईने घेऊन बघावी. मी काहीच घेणार नाही. चालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, पण मला तो हिशोबच करायचा नाही. म्हणजे तिघांत चाखणारे तुम्ही दोघंच, हे सोसायटीत सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

त्याआधी डॉक्टरांना विचारा. बाबांची रक्तदाबाची गोळी आणि आईची शुगरची, दोन्हींची नावं सांगून. नको म्हणाले तर द्राक्षाचा रस घेऊ, बेत बदलणार नाही.

खर्चाचं बोलायचं नाही. बाबांना अगदीच राहवलं नाही तर पेट्रोल त्यांचं. नाशिकमध्येच टाकी भरू, आणि अंधार पडल्यावर मी घाटात गाडी घालणार नाही. आई, तिखटमिठाच्या पुऱ्या चालतील, पण डबे तीनपेक्षा जास्त नकोत, मागच्या सीटवर तुला पाय लांब करता आले पाहिजेत. काठी घ्यायची. ‘लागणार नाही’ असं म्हणून ती दाराआड ठेवायची नाही.

मंगळवारी बोर्डीच्या खोलीचे पैसे भरायचे आहेत. तोपर्यंत तिथी तपासून बाबांनी होय किंवा नाही, एवढंच कळवावं. नाही म्हणालात तर कारण लागेल, आणि गुडघे, रांगा, झोप, देऊळ ही कारणं वर संपलेली आहेत.

तुमची,
ताई